दात खाणे (झोपेतील)

दात खाणे (झोपेतील) : झोपेत वरचे व खालचे दात एकमेकांवर आवळण्याची किंवा घासण्याची, आपल्या ताब्यात नसलेली क्रिया. घासण्याचा आवाज घरच्यांना ऐकू येतो. नुसते आवळणे मुके असते व वर्षानुवर्षे कोणाच्याही ध्यानात येत नाही. दंतवैद्यकात यास ‘ब्रक्सिझम’ म्हणतात. मारी व पिएत्किएविच यांनी १९०७ मध्ये वापरलेला ‘ब्रुक्सोमानी’ हा फ्रेंच शब्द या संज्ञेचा पूर्वज होय. रागाने दातओठ खाणे ही जागेपणीची बाब; दातखीळ बसणे हा तर वेगळाच विकार, त्यात जबडा उघडत नाही आणि धनुर्वाताची शंका घ्यावी लागते.

आढळ : मुलांत १४ ते २० टक्के, प्रौढांत सुमारे ८ टक्के, साठीनंतर सुमारे ३ टक्के. हे आकडे मुख्यतः पालकांच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या सांगण्यावर उभे आहेत. मुंबईत खोलीवर एकटा झोपणारा चाकरमानी त्यांत येत नाही.

कारणे : मूल दात खाऊ लागले की ‘पोटात जंत झाले’ हे निदान घरातच होते व वावडिंग उगाळले जाते. माधवनिदानात दात खाण्याची गणना बालग्रहाच्या लक्षणांत आहे. जंतांशी संबंध दाखवणारे आणि नाकारणारे, दोन्ही प्रकारचे अभ्यास उपलब्ध आहेत. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला (१० फेब्रुवारी, २०१५ पासून) अंगणवाडीत व शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलाने अवश्य घ्यावी, मात्र ती जंतांसाठी, करकर थांबेल या हिशोबाने नव्हे.

दंतवैद्यांचा स्वतःचा गैरसमज याहून टिकाऊ ठरला. दातांची ठेवण बिघडल्याने, एखादी दाढ आधी टेकल्याने माणूस दात खातो, असे रामफ्योर्ड यांनी १९६१ मध्ये मांडले आणि त्या आधारे कित्येकांचे चांगले दात घासून ‘समतल’ केले गेले. १९८४ मध्ये रघ व सहकाऱ्यांनी मुद्दाम उंच टेकणाऱ्या टोप्या बसवून पाहिल्या, तेव्हा बहुतेकांचे दात खाणे वाढण्याऐवजी कमी झाले. आज ठेवणीला मूळ कारण मानत नाहीत. झोपेत मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो, हृदयाची गती वाढते आणि लगेच चर्वणस्नायू तालात आखडू लागतात, असा क्रम नोंदला गेला आहे. हे प्रामुख्याने हलक्या झोपेत घडते. ताशी थोडे आखडणे निरोगी माणसांतही आढळते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार इतर आजार नसलेल्या व्यक्तीत दात खाणे हा विकार मानू नये.

घोरणे व झोपेतील श्वासरोध, आम्लपित्त, रात्रीचे मद्य, तंबाखू, अतिरिक्त चहा-कॉफी, तसेच फ्लुओक्सेटिन, सेरट्रालिन यांसारखी नैराश्यावरील औषधे यांशी याचा संबंध आढळतो. मुलांत सुजलेले टॉन्सिल व तोंडाने श्वास घेणे पाहावे. आनुवंशिकताही दिसते.

मानसिक ताण : संबंध मान्य, प्रमाण वादग्रस्त.

खुणा व निदान : सकाळी जबडा जड वाटणे, कानशिले दुखणे, गालाच्या आतल्या बाजूस पांढरी रेघ, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे. सुळ्यांची टोके सपाट होतात, एनॅमल झिजून आतील पिवळसर डेंटीन उघडे पडते. एनॅमल पुन्हा येत नाही. २००१ च्या एका जपानी मोजणीत झोपेतील चावण्याचा सर्वाधिक जोर व्यक्तिपरत्वे सुमारे १६ ते ८१ किलो भरला. स्नायूंची विद्युत्‌नोंद घेणारी रात्रभराची तपासणी मोठ्या शहरांतच होते. कोकणातील माणगावसारख्या तालुक्याच्या गावी निदान दातांवरून आणि घरच्यांच्या साक्षीवरूनच करावे लागते.

झिजेचा अर्थ लावताना कोकणात दोन गोष्टी आड येतात. मिसरीने दातांची बाहेरची बाजू व मान झिजते, दात खाण्याने चावण्याची बाजू. दोन्ही एकाच तोंडात असू शकतात. सुपारीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धनला उतरले की रोठा सुपारीच्या बागा लागतात. दिवसभर सुपारी फोडणाऱ्याच्या दाढा सपाट व गालाचे स्नायू टणक असतात, रात्री तो दात खात असो वा नसो. आधी सुपारीचे विचारावे.

उपाय : हे कायमचे थांबवणारे औषध नाही, दात वाचवता येतात. त्यासाठी नाइट गार्ड. दोन्ही जबड्यांचे माप घेऊन, प्लास्टरच्या साच्यावर कडक अ‍ॅक्रिलिकची सुमारे २ मिमी जाडीची पट्टी करतात. बसवताना रंगीत कागद चाववून समोरच्या जबड्याचे सगळे दात एकसारखे टेकतात की नाही हे पाहतात. जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळा टेकावा. ही रीत मिशिगन विद्यापीठातली, म्हणजे रामफ्योर्ड यांचीच: सिद्धान्त गेला, पट्टी राहिली. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या तयार गार्डवर काही जण उलट अधिकच चावतात. कडक पट्टी गरम पाण्याने धुऊ नये, वाकडी होते. घोरणाऱ्याला पट्टी देण्यापूर्वी श्वासरोध तपासावा, कारण वरच्या जबड्यावरील पट्टीने काहींचा श्वासरोध वाढलेला आहे. सुपारी-गुटख्याने तोंड आखडून तीन बोटे उभी मावत नसतील, तर मापाचा ट्रेच आत जात नाही. आधी त्या आखडण्यावर उपचार.

मुलांना सहसा गार्ड देत नाहीत; जबडा वाढत असतो आणि दुधाचे दात पडणारच असतात.

बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने चावण्याचा जोर काही महिने घटतो, आखडण्याची वारंवारता फारशी घटत नाही. नैराश्यावरील औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.