पहिला बिल्ड: ओपन सोर्सच्या उंबरठ्याचा इतिहास

ओपन सोर्समध्ये योगदान द्यायचं म्हटलं की सगळे कोडबद्दल बोलतात. पण कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक काम असतं: तो प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालवून बघणं. काही जण तिथूनच परत फिरतात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. न आलेली पुल रिक्वेस्ट कुणाला दिसणार? आज या उंबरठ्याचा इतिहास बघूया.

सुरुवात १९७६ पासून. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे एक दिवस स्टीव्ह जॉन्सन वैतागून आले. बग दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. त्यातून 'मेक' जन्माला आलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकफाइलमध्ये लिहायचं, बाकीचं मेक बघेल. आता गंमत बघा. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली, पण तोवर डझनभर लोक मेक वापरत होते. त्यांचं काम बिघडू नये म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. नवखे लोक त्याला आजही ठेचकाळतात.

पुढे युनिक्सच्या चिक्कार आवृत्त्या झाल्या, प्रत्येकीच्या लायब्ररी आणि हेडर फाइल थोड्या वेगळ्या. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं. यातून तयार होणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट आधी तुमचं मशीन चाचपते आणि मग त्याप्रमाणे मेकफाइल बनवते. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल हा तीन कमांडचा मंत्र असा रुळला. सोय मोठीच झाली. पण ही स्क्रिप्ट मशीनने लिहिलेली, हजारो ओळींची. ती वाचणार कोण? हा प्रश्न लक्षात ठेवा.

२०१० मध्ये मिचेल हाशिमोतो यांचं व्हॅग्रंट आलं. सूचना देत बसण्यापेक्षा तयार व्हर्च्युअल मशीनच द्या, ही त्यामागची कल्पना. २०१३ च्या पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. कंटेनर होस्टचंच कर्नल वापरतो, म्हणून हलका. मॅक आणि विंडोजवर मात्र खाली लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन लागतंच. २०२० मध्ये गिटहबने कोडस्पेसेस जाहीर केलं: मशीन त्यांचं, आपण फक्त ब्राउझर उघडायचा.

मला सगळ्यात आवडतो तो फायरफॉक्सचा उपाय. फायरफॉक्सचा पूर्ण बिल्ड साध्या लॅपटॉपवर तासन् तास चालू शकतो. पण ज्याला फक्त एखादं बटण किंवा मेनू सुधारायचाय, त्याने सगळं सी प्लस प्लस का कंपाइल करावं? म्हणून मोझिलाने आर्टिफॅक्ट बिल्ड आणला. कंपाइल केलेला भाग मोझिलाच्या सर्व्हरवरून उतरतो आणि तुम्ही जावास्क्रिप्ट, सीएसएसवर काम सुरू करता. सोर्स डाउनलोड करावा लागतोच, पण जुना प्रोसेसर आता अडवत नाही. इथे कुणीतरी आधी विचारलं, की येणारा माणूस नेमकं काय करायला आलाय? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

आता तो मघाचा प्रश्न. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. खणत गेल्यावर एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत बॅकडोअर सापडलं. ते सुरू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. तो रिलीजच्या टारबॉलमधल्या एका एमफोर फाइलमध्ये होता आणि कॉन्फिगर चालवताना कामाला लागायचा. कुणी वाचत नाही, नेमक्या अशा जागी लपवलेला.

म्हणून सेटअप एका कमांडचा करा, जरूर करा, पण ती कमांड काय करते हे नवख्यालाही वाचता आलं पाहिजे. नाहीतर उंबरठा कमी होतो आणि दाराची कडी आपण कुणाच्या हातात देतोय ते कळत नाही.

तुमच्या प्रोजेक्टची सेटअप स्क्रिप्ट या आठवड्यात एकदा उघडून वाचा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!