वाटेवरची पाथरी

सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी मार्ग औरंगाबादनंतर गोदावरीच्या खोऱ्यात उतरत असे आणि आजच्या परभणी जिल्ह्याचा भूभाग ओलांडून नांदेड किंवा कंधारच्या बाजूने तेलंगणात शिरत असे. या मार्गाच्या एका टोकाला मोगलांचे मुख्य बंदर होते आणि दुसऱ्या टोकाला कुतुबशाहीची राजधानी व हिऱ्यांची बाजारपेठ होती. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्या युरोपीयांचे चित्त दोन टोकांकडे लागलेले असे आणि मधला मुलूख त्यांच्या लेखी बहुतांशी कोसांच्या हिशेबापुरता उरत असे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्नियर. पॅरिसमध्ये 1605 साली जन्मलेल्या या जवाहिऱ्याने पूर्वेच्या सहा सफरी केल्या आणि त्यांचा वृत्तांत 1676 मध्ये प्रसिद्ध केला. 1645 च्या जानेवारीत सुरतेहून निघून त्याने गोवळकोंड्यापर्यंतचे 324 कोस 27 दिवसांत काटले, म्हणजे दिवसाला सरासरी बारा कोस. कोस हे माप प्रदेशागणिक कमीअधिक होत असले तरी ते ढोबळमानाने दोन मैलांचे धरले जाते, हे लक्षात घेता ही चाल चांगलीच वेगाची होती. त्या खेपेस तो आष्टीवरून नांदेडला गेला. 1653 च्या मार्चमध्ये मात्र त्याने पाच दिवस अधिक घेणारी दुसरी वाट धरली आणि त्या वाटेवरील मुक्कामांत त्याने ‘पात्रिस’, ‘पालम’ आणि ‘कांदेआर’ ही नावे नोंदवली. ही पाथरी, पालम आणि कंधार होत. पैकी पहिली दोन आज परभणी जिल्ह्यातील तालुक्यांची ठिकाणे आहेत. कंधारविषयी तो सांगतो की किल्ला मोठा आहे, पण एका बाजूच्या उंच टेकडीचा त्यास धोका आहे. पाथरी आणि पालम यांच्या वाट्याला मात्र नावापलीकडे काहीच आलेले नाही.

वाटसरूने वाटेवरच्या गावांविषयी इतके कमी लिहावे, हा केवळ युरोपीयांचाच दोष म्हणता येणार नाही. आठव्या शतकात हेचो नावाचा कोरियन बौद्ध भिक्षू हिंदुस्थानात आला होता. त्याच्या त्रोटक वृत्तांताची हस्तलिखित प्रत 1908 मध्ये चीनमधील तुनहुआंगच्या गुहांत सापडली आणि ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहे. बदामीच्या चालुक्यांचा अंमल असलेल्या दक्षिणेविषयी त्यानेही तीन महिन्यांची पायपीट, राजाचे आठशे हत्ती, उष्ण हवा, सुती कापड आणि म्हशी एवढ्यावरच वर्णन आटोपते घेतले आहे. ज्याला पुढे जायचे असते तो मोजता येते तेवढे टिपतो.

टॅव्हर्नियरची लेखणी खुलते ती रस्त्यावर. प्रवासाची बैलगाडी, तिचे भाडे, सोबतीचे शिपाई यांचे त्याने दिलेले तपशील आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला फार मोलाचे आहेत. सुरत ते आग्रा या पस्तीस-चाळीस दिवसांच्या प्रवासाला गाडीमागे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडत आणि गोवळकोंड्याच्या वाटेलाही जवळपास तेवढेच. शिपायाला महिना चार रुपये मिळत आणि त्यातच त्याचे खाणेपिणे भागे. परंतु त्याच्या वर्णनातील खरे लक्षवेधी लोक म्हणजे बंजारा, ज्यांना तो ‘मानारी’ म्हणतो. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांपैकी एकेका जिनसाची वाहतूक एकेका शाखेने करावी अशी त्यांची चार शाखांची वाटणी होती, असे तो लिहितो. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा असे आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर तीनशे ते साडेतीनशे लिव्र, म्हणजे सुमारे दीडशे किलो ओझे असे. हा हिशेब धरल्यास दहा हजार बैलांचा एक तांडा सुमारे दीड हजार टन माल हलवीत होता. लोहमार्गापूर्वीच्या दख्खनमध्ये सैन्याची रसद आणि दुष्काळी भागाचा धान्यपुरवठा कशाच्या बळावर चाले, हे या आकड्यावरून उमगते. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की गाडीवाल्यांना तो संपेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. गळ्यात मोत्यांची माळ घालून राजाच्या थाटात वावरणारे तांड्यांचे नायक आधी वाट कोणी द्यायची यावरून रक्तपातापर्यंत जात, आणि त्यांची समजूत घालण्याची वेळ प्रत्यक्ष मोगल बादशहावर आली होती, असेही त्याने नमूद केले आहे. ज्याच्या मालकीचे एकही गाव नाही त्या समाजाला या फ्रेंच व्यापाऱ्याने पाने दिली आणि शतकानुशतके एका जागी उभ्या असलेल्या गावांना एकेक शब्द दिला, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

पाथरीचे पूर्वसंचित जाणून घ्यायचे तर दुसऱ्याच एका परक्याकडे वळावे लागते. मुहम्मद कासिम फिरिश्ता हा कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. वडिलांबरोबर तो लहानपणीच अहमदनगरला आला, निजामशाहीच्या चाकरीत वाढला आणि 1589 मध्ये तेथे ‘आफाकी’ लोकांची कत्तल झाली तेव्हा विजापूरला निघून गेला. आफाकी म्हणजे इराण-तुराणाकडून आलेले परदेशी अमीर आणि विद्वान. दख्खनी म्हणवणाऱ्या स्थानिक मुसलमान सरदारांशी त्यांचे वैर बहामनी काळापासून धुमसत होते. विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने फिरिश्त्याने आपला फारसी इतिहासग्रंथ लिहिला आणि त्यात पाथरीची कथा आली.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा मूळचा भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमा. विजयनगरच्या मुलखात कैद होऊन तो बहामनी दरबारी आला, मुसलमान झाला आणि बापाच्या नावाचा उच्चार बिघडून त्याला ‘बहरी’ हे उपपद चिकटले. बहरी म्हणजे शिकारी ससाणा, असेही त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या घराण्याकडे पूर्वी पाथरीचे कुलकर्णीपण, म्हणजे गावचा जमाखर्च ठेवण्याचे वंशपरंपरागत वतन होते. अहमदनगरचे राज्य स्थिरावल्यावर विजयनगरकडचे ब्राह्मण भाऊबंद तेथे आले आणि पाथरी परत मिळावी म्हणून त्यांनी दरबारी आग्रह धरला. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने तिच्या मोबदल्यात अधिक उत्पन्नाचा परगणा देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार देऊन तटबंदी उभारण्यास आरंभ केला, आणि 1518 मध्ये निजामशाही फौजेने अचानक छापा घालून ठाणे घेतले. 1527 मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने ते परत मिळवले, तेव्हा बुऱ्हाणने पुन्हा चाल करून किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण आप्तांच्या स्वाधीन केला. हताश इमादशहाने गुजरातच्या बहादूरशहाला दख्खनमध्ये बोलावले आणि कुलकर्णी-वतनाच्या नावाने सुरू झालेल्या भांडणात एक परराज्य ओढले गेले.

ही वंशकथा अक्षरशः खरी मानावी की गोदाकाठचा सुपीक परगणा हाती आल्यावर दरबाराने तिला उजाळा दिला असे समजावे, याविषयी संशयाला जागा आहे. राजघराणी युद्धाला कुळाचार जोडण्यात सहसा कमी पडत नाहीत. पण वतनाचा हक्क हे दोन सुलतानांमधील युद्धाचे पटण्याजोगे कारण म्हणून एका इराणी इतिहासकाराला सांगता आले, यातच त्याने दख्खन किती जाणून घेतले होते ते दिसते.

1596 मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिल्यावर पाथरी वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकारा’चे, म्हणजे अनेक परगण्यांच्या विभागाचे, ठाणे म्हणून ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदली गेली. टॅव्हर्नियर तेथे उतरला तो त्यानंतर अवघ्या सत्तावन्न वर्षांनी. याच परभणी जिल्ह्यातील चारठाण्याची मंदिरे आणि धारासूरचे गुप्तेश्वराचे देऊळ यांचाही त्याच्या या मार्गवर्णनात मागमूस नाही.

पुढे 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि बैलांच्या तांड्यांची वाहतूक संपली. सेलू, परभणी, पूर्णा ही नावे आता प्रवाशांच्या तोंडी आली. बंजारा समाज तांडे करून स्थिरावला, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला पुढे त्याच समाजातून आलेल्या वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. पाथरी मात्र रुळांपासून दूर राहिली. मानवत गावापासून आडबाजूला असल्याने ज्याचे नावच ‘मानवत रोड’ पडले त्या स्थानकावर उतरून पाथरीची वाट धरावी लागते. आज तेथे उतरणाऱ्यांपैकी पुष्कळजण साईबाबांचे जन्मस्थान या श्रद्धेने पाथरीला जातात, आणि बाकी काही पाहिले नाही तरी मुक्कामाला मात्र थांबतात.