हिरकणीचा कडा

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. दूध विकावयास गडावर गेलेली ही गवळण सूर्यास्ताला दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने अंधारात कडा उतरून घरी गेली. माता आणि मूल यांच्यामधला तो बंद दरवाजा पुढील काळातही निराळ्या रूपाने आढळतो.

गिरण्यांच्या मुंबईत तो कामाच्या पाळीचा होता. १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने कामगार स्त्रीला प्रसूतिकाळात आर्थिक लाभ दिला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने, बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, रोज स्तनपानासाठी दोन सुट्ट्या दिल्या.

परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूध ओढण्याचीही शक्ती नसते आणि कधी आईलाच दूध पुरेसे येत नाही. तेव्हा काय करावे? मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत मातांनी स्वेच्छेने दिलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून जंतुरहित करतात.

घरच्या मातेलाही हाच मार्ग खुला आहे. बाळाला पहिला पिवळसर चीक अवश्य पाजावा. कामावर जाणारीने हात धुऊन, हाताने वा पंपाने, स्वच्छ झाकणाच्या भांड्यात दूध काढावे; २५ अंशांपर्यंतच्या उष्णमानात ते ४ तास टिकते.

एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना आज ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. हिरकणीचे धैर्य वंदनीय खरे. पण दुसऱ्या मातेवर कडा उतरण्याची वेळ न आणणे, हेच तिचे खरे स्मारक होय.