लॅकरची चकती आणि तबकड्यांची महागाई

कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये व्हायनलची दीर्घवादन तबकडी, म्हणजेच एलपी, बाजारात आणली, आणि लाखेच्या जुन्या, ठिसूळ तबकड्या मागे पडू लागल्या. परंतु तिच्या साच्याचा उगम बहुतांशी लॅकरच्या चकतीतच राहिला, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात, ज्यावर तापवलेली कोरणी ध्वनीची खाच उमटवते. सीडीच्या काळात तबकड्या दाबणारी यंत्रे भंगारात गेली, जाणते कारागीर पांगले, आणि नव्या तबकडीच्या आजच्या भाववाढीचे मूळ संग्राहकांच्या हौसेइतकेच या मोडतोडीतही शोधले पाहिजे. लॅकर पुरवणाऱ्या दोन प्रमुख उत्पादकांपैकी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी 2020 मध्ये जळून खाक झाला, तेव्हा जवळजवळ सारा भार जपानमधील एकाच उत्पादकावर येऊन पडला.