डेंटल इम्प्लांट आणि बोन ग्राफ्ट झालंय? घरी आल्यावर हे सांभाळा

पुसद, वणी किंवा उमरखेडचा माणूस दाताच्या मोठ्या ऑपरेशनसाठी यवतमाळ, सावंगी मेघे नाहीतर नागपूर गाठतो आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी घरी परततो. डॉक्टर लांब राहतात. पुढची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते.

नेमकं काय केलेलं असतं?

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी शोधलं आणि 1965 साली पहिल्या रुग्णावर वापरलं. हाड कमी असेल तर तिथे हाडाची भुकटी भरतात. हाच बोन ग्राफ्ट. टाके आठ-पंधरा दिवसांत निघतात, पण हाड भरायला काही महिने लागतात.

पहिले 24 तास

जखमेवर जमलेली रक्ताची गुठळी हेच तिचं झाकण. म्हणून जोरात थुंकू नका, खळखळून चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. लाळ थोडी गुलाबी दिसणं साधारण आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉज अर्धा तास दाताखाली घट्ट दाबून धरा. घरात कापूस कितीही असला तरी तो नको, त्याचे धागे जखमेत अडकतात.

गालावर बाहेरून कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं ठेवा, तेवढाच वेळ थांबा, पुन्हा ठेवा. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरू लागते.

खायचं काय?

गार किंवा कोमट आणि मऊ: दही, मऊ खिचडी, वरण-भात, ज्वारीच्या पातळ कण्या. तर्री पोहे, ठेचा, चिवडा, शेंगदाणे आणि कडक भाकरी सध्या बाजूला. घास दुसऱ्या बाजूने चावा.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात थोडं मीठ घालून तोंडात हलकेच फिरवा आणि पाणी आपोआप गळू द्या. वाळूसारखे एक-दोन कण तोंडात आले तर घाबरू नका, ग्राफ्टचे थोडे कण सुटू शकतात. ओठ उचलून टाके बघणं, जीभ लावणं मात्र टाळा.

वरच्या मागच्या दातांजवळ, सायनसपाशी ग्राफ्ट असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या.

खर्रा खाल्ला तर काय होतं?

विदर्भात हा प्रश्न टाळून चालत नाही. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. कडक सुपारीचे तुकडे टाके दुखावतात, चुना हिरड्या पोळवतो आणि निकोटीनमुळे जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका जास्त असतो. दुखतंय म्हणून तिथे मशेरी किंवा तंबाखू दाबणं तर अजिबात नको. हाड भरेपर्यंतचे महिने हे सोडायलाच हवं, कायमचं सुटलं तर आणखी उत्तम.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. अँटिबायोटिक दिलं असेल तर डोस पूर्ण करा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून सुरू असेल तर ती न विचारता बंदही करू नका.

डॉक्टरांना कधी फोन करायचा?

- दाबूनही रक्त थांबत नसेल
- तीन दिवसांनंतर दुखणं किंवा सूज वाढत असेल
- ताप आला किंवा पू दिसला
- भुलीचा असर जाऊनही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल
- स्क्रू हलत असेल

श्वास घेताना किंवा गिळताना त्रास होत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच 108 ला फोन करा.

दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. सगळं ठीक वाटत असलं तरी डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. ग्राफ्ट नीट भरतोय का, ते तपासणीत आणि एक्स-रेमध्येच कळतं.