केस चावणे (मांजरातील)

पाळीव मांजराने माणसाच्या डोक्यावरील केस चाटणे, दातांत धरून ओढणे किंवा चघळणे. माणूस निजलेला असताना हे अधिक आढळते. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या शेतीच्या गावांत मांजर ठेवतात ते धान्यातील उंदरांसाठी. तरी थंडीत ते अंथरुणात शिरतेच, आणि जमिनीवर वा बाजेवर टेकलेले डोके आयतेच त्याच्या तोंडाशी येते.

कारणे : एकत्र राहणारी मांजरे परस्परांना चाटतात, ते मुख्यतः डोके व मान येथे. माणसाचे केस चाटणे हा त्याचाच विस्तार मानतात. त्यामागे जिव्हाळा की वरचढपणा, याविषयी मतभेद आहेत. रुड व्हान डेन बोस यांना १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरचढ मांजरे दुबळ्यांना अधिक चाटताना आढळली. माणसाला हे कितपत लागू पडते ते ठरलेले नाही. आईपासून लवकर तोडलेली पिले केस चोखतात व पंजांनी कणीक तिंबल्यासारखे करतात. सयामी व बर्मी जातींत लोकर चघळण्याची खोड विशेष दिसते. खोबरेल लावलेल्या केसांकडे मांजर ओढले जाते ते बहुधा स्निग्धतेमुळे. गोडीचा येथे संबंध नसावा, कारण मांजराला गोड चव कळत नाही.

जीभ : मांजराच्या जिभेवर केराटिनचे, घशाकडे वळलेले काटे असतात. त्यांची टोके पोकळ असून ती लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवतात, असे अमेरिकेतील ॲलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवले. काटे मागे वळलेले असल्याने त्यांत अडकलेला केस थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो.

परिणाम : सुटा केस सहसा विष्ठेतून पडतो, स्वतःच्या अंगावरच्या केसांचा गोळा मांजर ओकून टाकते. खरा धोका केसांसोबत गिळल्या जाणाऱ्या वस्तूंचा : रिबीन, गजऱ्याचा दोरा, गंगावन, केसांचे रबर. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडील तोंडाशी अडकले की आतडे दोऱ्यावर गोळा होते. नाडी ओढल्यावर परकराला पडाव्यात तशा त्याला चुण्या पडतात, आणि ताणलेला दोरा ते चिरतो. अशा वेळी शस्त्रक्रियाच करावी लागते. केस वाढवण्यासाठी टाळूला लावतात ते मिनॉक्सिडिल मांजराला अल्प मात्रेतही मारक ठरते. टी ट्री तेलही विषारी आहे.

उपाय : मारू नये, उठून बाजूला व्हावे, केस बांधून निजावे.

उपचार : मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. ग्रामीण दवाखान्यांचे काम मात्र बव्हंशी गाई-म्हशी, बैल व शेळ्यांचे असते. वारंवार उलटी, अन्न सोडणे, कुंथणे ही लक्षणे दिसताच मांजर पशुवैद्याकडे न्यावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा बाहेर आलेला दिसला तरी तो घरी ओढू नये.