मार्फा येथील एक दफनविधी

टेक्सास संस्थानाच्या पश्चिम टोकास, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या मार्फा नावाच्या लहानशा गावी, 1954 साली एका शाळेच्या पटांगणात विलक्षण अंत्यविधी झाला. मातीच्या कच्च्या विटांनी 1909 साली बांधलेल्या त्या ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाचीच मुले शिकत; गोऱ्या मुलांची शाळा निराळी होती, आणि अशी विभागणी करा असे सांगणारा कोणताही कायदा नसताना केवळ वहिवाटीने ती पिढ्यानपिढ्या चालत आली होती. त्या दिवशी मुलांना चिठ्ठ्या वाटण्यात आल्या, ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ असे त्यांच्याच हातून त्यांवर लिहवून घेण्यात आले, त्या चिठ्ठ्या सिगारच्या रिकाम्या पेटीत भरल्या गेल्या, आणि ती पेटी ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून पुरण्यात आली. एरवीही आवारात स्पॅनिश शब्द तोंडून निघाला की लाकडी फळीचा मार बसे, असे तेथील माजी विद्यार्थी सांगत आले आहेत. ज्या भाषेत आईने घास भरवला, तिलाच त्या लेकरांनी स्वहस्ते मूठमाती द्यावी, अशी ती योजना होती.

हे एखाद्या मुख्याध्यापकाच्या लहरीने घडले असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने 1918 साली जो कायदा केला, त्यान्वये सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकविणे हा शिक्षकाचा दंडनीय अपराध ठरला होता. परकीय भाषा म्हणून स्पॅनिश शिकविण्याची मुभा होती ती केवळ वरच्या वर्गांत. आणि नेमक्या त्याच सुमारास, महायुद्धामुळे जर्मन भाषा अमेरिकन शाळांतून जवळजवळ हद्दपार झाल्यावर, तिची रिकामी जागा स्पॅनिशने घेतली होती. 1917 साली स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली होती. ज्या शब्दांसाठी एका मुलाच्या हातावर छडी पडे, तेच शब्द अडखळत उच्चारणाऱ्या दुसऱ्या मुलास गुण मिळत. मला या साऱ्या इतिहासाचे मर्म येथेच दिसते: प्रश्न भाषेचा कधीच नव्हता, ती कोणाच्या मुखी आहे याचा होता.

या गोष्टीचे विदारक प्रत्यंतर आले ते मायामीत. क्यूबामध्ये 1959 साली क्रांती झाल्यावर हजारो सुखवस्तू व सुशिक्षित कुटुंबे फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास लागली. 1960 ते 1962 या अवधीत तर चौदा हजारांहून अधिक मुले आईबापांविना विमानांनी येऊन उतरली. ही मंडळी थोड्याच दिवसांत स्वदेशी परततील, तेव्हा त्यांच्या मुलांचे स्पॅनिश शाबूत राहिले पाहिजे, असा सर्वांचाच समज होता, आणि निर्वासितांमध्ये अनुभवी शिक्षकांची वाण नव्हती. फोर्ड प्रतिष्ठानाने द्रव्यसाहाय्य दिले, आणि सप्टेंबर 1963 मध्ये कोरल वे प्राथमिक शाळेत पहिल्या तीन इयत्तांपासून नव्या शिक्षणक्रमाचा आरंभ झाला.

त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. वर्गात साधारण निम्मी मुले इंग्रजीभाषक, निम्मी स्पॅनिशभाषक. दिवसाचा पूर्वार्ध प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत शिकावे, आणि सकाळी जो पाठ मातृभाषेत समजला तोच दुपारी दुसऱ्या भाषेत पक्का करावा. मग चित्रकला, संगीत आणि खेळ यांसाठी दोन्ही गट एकत्र यावेत. अमेरिकन शिक्षिकेच्या जोडीला क्यूबन शिक्षिका असे, आणि दोघींनी मिळून पाठ आखावा लागे, कारण एकीने काय शिकविले हे दुसरीस ठाऊक नसेल तर दुपारचा पाठ कोसळलाच. यात इंग्रजीभाषक मूलही रोज काही काळ अडाणी ठरत असे आणि क्यूबन मूल त्याचे मार्गदर्शक होत असे. माझ्या मते या पद्धतीचे खरे सामर्थ्य त्या अदलाबदलीतच होते.

ज्या वर्षी कोरल वेमध्ये हे घडत होते, त्या वर्षी ब्लॅकवेल शाळा चालूच होती. ती 1965 साली बंद झाली, तेव्हा तेथील मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. जानेवारी 1968 मध्ये द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली. हेच गृहस्थ 1928 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, टेक्सासमधील कोटुला गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत पाचवी ते सातवीचे शिक्षक होते. आपल्या पहिल्या पगारातून त्यांनी त्या मुलांसाठी खेळाचे साहित्य आणले, आणि इंग्रजीच बोलले पाहिजे असा दंडकही घातला. हा मनुष्य मुलांवर प्रेम करीत होता याविषयी मला शंका नाही. म्हणूनच तो दंडक अधिक सलतो. टेक्सासने आपला 1918 चा कायदा रद्द केला तो 1969 साली.

2007 मध्ये ब्लॅकवेलचे माजी विद्यार्थी, आता केस पांढरे झालेले, पुन्हा त्याच आवारात जमले. या वेळी त्यांनी जमीन उकरून एक स्पॅनिश शब्दकोश वर काढला. मातीच्या विटांची ती इमारत मार्फा येथे अद्याप उभी आहे. 2024 पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संघसरकारच्या निगराणीत आहे.